तेह-सी, सिउ दाइ: आईबरोबर सिंगापुरात पाच दिवस

सिंगापूर महाग आहे, असं निघण्याआधी प्रत्येकाने बजावलं होतं. हॉटेलच्या भाड्यापुरतं ते खरं आहे. खाण्यापिण्याचं मात्र उलट झालं. दोघींचं एका वेळचं जेवण चहासकट १२ ते १५ सिंगापूर डॉलरमध्ये आटपत होतं. आम्ही गेलो तेव्हा एक डॉलर ६५ ते ७० रुपयांच्या घरात होता. तेवढ्या पैशात मी मलय, तमिळ, चिनी आणि चिन्यांमधल्याच हाक्का लोकांचा स्वयंपाक चाखला. आईने रोज वेगळा चहा प्यायला. आई ६८ वर्षांची. मांस-मासे नाहीत, अंडंही नाही, आणि दिवसातून तीनदा चहा हवाच. मी सगळं खाते. असं खाणं असलेल्या दोन माणसांचं एका टेबलावर कसं जमतं, हे कुणाला उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला दिवस: मॅक्सवेल

व्हिसा, विमान, मेट्रो सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चायनाटाउनमधल्या हॉटेलात खोली दुपारी मिळणार होती. सामान तिथेच ठेवलं आणि मॅक्सवेल फूड सेंटर गाठलं. २०२२ च्या नोव्हेंबरपासून याच नावाचं मेट्रो स्टेशन त्याच्या दाराशीच आहे.

हॉकर सेंटर म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. वर उंच छप्पर, बाजू मोकळ्या, डोक्यावर गरगरणारे पंखे, दोन्हीकडे छोट्या छोट्या गाळ्यांच्या रांगा आणि मधे जमिनीत घट्ट बसवलेली टेबलं. प्रत्येक गाळ्यात एक किंवा दोनच पदार्थ. कुणी आयुष्यभर फक्त कोंबडी-भात केलाय, कुणी फक्त पेज. आईने विचारलं, "हे सगळं एकाच मालकाचं का गं?" तसं नाही. ही मंडळी पूर्वी रस्त्यावर गाड्या लावायची. १९७० च्या दशकापासून सरकारने त्यांना नळ, गटारं आणि छप्पर असलेल्या अशा इमारतींमध्ये आणलं. गाळे वेगवेगळ्यांचे, टेबलं सगळ्यांची. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

बसायला जागा शोधताना रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट पडलेलं दिसलं. मी ते कुणीतरी विसरलं असेल म्हणून बाजूला सरकवणार, इतक्यात शेजारच्या मुलीने हाताने खूण करून थांबवलं. ती जागा धरलेली होती. याला इथे 'चोप' करणं म्हणतात. पाकीट टेबलावर ठेवायचं आणि निर्धास्त रांगेत जाऊन उभं राहायचं. त्या दिवसापासून आमच्याही पर्समध्ये दोन पाकिटं असायची. ती हात पुसायलाही लागतात, कारण गाळ्यावर रुमाल मिळत नाहीत.

मी हैनानी कोंबडी-भाताच्या रांगेत २५ मिनिटं उभी राहिले. कोंबडी उकडून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे कातडीखाली जेलीसारखा मऊ थर तयार होतो. पण खरी किमया भाताची. कोंबडीच्याच पाण्यात आलं, लसूण आणि पांदानची पानं घालून तो शिजवलेला असतो. नुसता भात आणि वर आल्या-मिरचीची चटणी घेतली तरी पोट भरेल. पांदानचा वास आपल्या आंबेमोहोराच्या जवळचा आहे, त्यामुळे पहिल्या घासाला मला तो परका वाटलाच नाही.

आईचं मात्र त्या दुपारी फसलं. एका गाळ्यावर 'व्हेजिटेबल नूडल सूप' असं लिहिलं होतं. वाडगा आला, भाज्या भरपूर होत्या, पण पहिल्याच चमच्याला आईने तोंड वळवलं. रस्सा सुकटाचा होता. चूक माझी. इथे 'व्हेजिटेबल' म्हणजे भाज्या घातलेलं. मासे-मांस नको असेल तर गाळ्याच्या पाटीवर 'व्हेजिटेरियन' हा शब्दच शोधावा, आणि तरीही रस्सा कशाचा आहे ते विचारावं. चिनी शाकाहारी गाळे बहुतेक बौद्ध परंपरेतले असतात. तिथे मांसासारखे दिसणारे तुकडे दिसले तर दचकू नका, ते सोयाचे किंवा गव्हाच्या चिकाचे असतात.

तोडगा रस्त्यापलीकडेच निघाला. समोरच बुद्ध टूथ रेलिक टेंपल आहे, २००७ मध्ये उघडलेलं. त्याच्या तळघरात शाकाहारी भोजनगृह आहे. भात, कोबी, टोफू, शेवयांसारखा बी हून. साधं, गरम, कमी तिखट जेवण. आई शांतपणे जेवली आणि मग म्हणाली, "आता चहा."

पहिला चहा असा झाला. पुन्हा मॅक्सवेलला आलो. पेयांचा गाळा वेगळा असतो. तिथल्या आंटींना मी सांगितलं, "टी, विथ मिल्क, लेस शुगर." त्यांनी एकच शब्द उच्चारला, "तेह?" मी मान हलवली. कप आला. वर गर्द तांबूस चहा आणि तळाशी बोटभर पांढरा थर. आईने चमच्याने ढवळलं, घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "अगं, ही बासुंदी आहे." नुसतं 'तेह' म्हटलं की घट्ट गोड कन्डेन्स्ड मिल्क घातलेला चहा येतो. पूर्वी या उष्ण बंदरात ताजं दूध मिळायचं नाही, टिकायचंही नाही. डब्यातल्या दुधाची सवय तेव्हापासूनची.

चारच्या सुमारास आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. डिसेंबरात इथे असं होतंच. जुन्या वस्तीतल्या प्रत्येक दुकानापुढे छपराखालून जाणारी सलग वाट असते, तिला 'फाइव्ह फूट वे' म्हणतात. १८२२ च्या नगररचनेतच सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याने दुकानांपुढे अशी आच्छादित वाट ठेवायला लावली होती. त्या वाटेने आम्ही कोरड्या पायांनी हॉटेलपर्यंत आलो. आई मध्येच प्रत्येक उंबऱ्याच्या फरशा बघत थांबायची. फुलांच्या, हिरव्या-गुलाबी, प्रत्येक दुकानापुढे वेगळ्या.

दुसरा दिवस: शिकवणी

सकाळी हॉटेलजवळच्या हॉकर सेंटरला गेलो तर दोऱ्या बांधलेल्या आणि आत पाण्याचे फवारे चाललेले. दर तीन-एक महिन्यांनी ही सेंटरं सफाईसाठी पूर्ण बंद ठेवतात. जाण्याआधी तारखा बघून ठेवाव्यात. सोमवारी एरवीही बरेच गाळे बंद असतात.

म्हणून एका जुन्या वळणाच्या कोपीतियाममध्ये, म्हणजे कॉफी-चहाच्या दुकानात शिरलो. इथला ठरलेला नाश्ता म्हणजे काया टोस्ट. कोळशावर किंवा जाळीवर भाजलेला पातळ कुरकुरीत पाव, आत लोण्याची जाड चकती आणि काया. काया म्हणजे नारळाचं दूध, साखर, पांदान आणि अंडं आटवून केलेला जॅम. पाटीवर अंड्याचा उल्लेख नव्हता, म्हणून हे मुद्दाम सांगते. आईसाठी नुसतं लोणी लावून मिळालं. मी बशीत दोन अर्धकच्ची अंडी फोडून त्यावर सोया सॉस आणि पांढरी मिरपूड घातली. रंगरूप फारसं मोहक नाही, पण त्यात टोस्ट बुडवून खाल्ला की थांबवत नाही.

जागा कमी होती, म्हणून आमच्या टेबलावर एक आजी येऊन बसल्या. पांढरे आखूड केस, मांडीवर भाजीची पिशवी. आईने पुन्हा 'तेह' मागवला होता आणि ढवळावं की न ढवळावं या विचारात ती कपाकडे बघत होती. आजींनी विचारलं, "टू स्वीट?" आईने जोरात मान हलवली. मग त्यांनी आमची शिकवणीच घेतली. प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडत त्या सांगत होत्या आणि मी वहीत लिहीत होते.

तेह म्हणजे कन्डेन्स्ड मिल्कचा. तेह-ओ म्हणजे दूध नाही, साखर आहे. तेह-सी म्हणजे आटवलेलं, गोड नसलेलं दूध, म्हणजे इव्हॅपोरेटेड मिल्क, आणि साखर वेगळी. शेवटी 'कोसोंग' जोडलं की साखर बंद. हा मलय शब्द, अर्थ रिकामं. 'सिउ दाइ' म्हणजे गोड कमी, 'गाऊ' म्हणजे कडक, 'पोह' म्हणजे फिकट, 'पेंग' म्हणजे बर्फ. हे शब्द एकापुढे एक जोडत जायचे. कॉफीलाही हेच नियम, फक्त 'तेह'च्या जागी 'कोपी'. एका कपाच्या मागणीत मलय आणि हॉक्कियन, कँटोनीज या चिनी बोली एकत्र येतात, आणि गाळ्यावरचा माणूस चिनी असो की तमिळ, सगळ्यांना ते कळतं.

"तेह-सी, सिउ दाइ," आजींनी आईला दोनदा म्हणायला लावलं. आई उठली, काउंटरपाशी गेली आणि स्पष्ट आवाजात तेच म्हणाली. मी पैसे द्यायलाही उठले नाही. परत आली ती हातात कप घेऊन. एक घोट झाल्यावर म्हणाली, "हा चहा." सव्वा-दीड डॉलरचा तो कप होता. आजी तोवर आपली पिशवी उचलून निघाल्याही होत्या.

इथला चहा करताना बघण्यासारखा असतो. मोज्यासारखी लांब कापडी गाळणी, तीत बारीक भुकटीचा काळा चहा, आणि लांब चोचीच्या पत्र्याच्या दोन किटल्या. माणूस एका किटलीतून दुसरीत चहा उंचावरून ओततो, गाळणी उचलतो, पुन्हा ओततो. अर्क खूप कडक निघतो. कपात आधी दूध, मग तो अर्क, मग उकळतं पाणी. आपल्यासारखं दूध-पाणी-साखर एकत्र उकळत नाहीत, त्यामुळे चव वेगळी. कन्डेन्स्ड मिल्कचा तेह आलाच तर तळापर्यंत ढवळू नका, वरवर ढवळा. तेवढ्यानेही गोडी बेताची राहते.

दुपारी लिटल इंडिया. टेक्का सेंटरच्या बाजारात आईला कढीपत्त्याच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा आणि मोगऱ्याचे गजरे दिसले आणि तिची चाल एकदम सैल झाली. जेवलो सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये. १९४७ पासून चालू असलेली ही शाकाहारी खानावळ आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, रस्सम, दोन भाज्या, पापड, दही. वाढणारे हात आखडत नाहीत. शुद्ध शाकाहारी माणसाला घेऊन सिंगापूरला जाणार असाल तर हा भाग आधी लक्षात ठेवा. जेवणाची काळजीच मिटते.

तिसरा दिवस: पावसातला चहा

या दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे.

सकाळी तेलोक एयर स्ट्रीटला गेलो. तेलोक एयर म्हणजे पाण्याची खाडी. आज तिथे समुद्र दिसत नाही, भर घालत घालत तो लांब गेलाय. पण १८४२ मध्ये थियान हॉक केंग हे देऊळ पुरं झालं तेव्हा लाटा जवळजवळ पायरीपर्यंत यायच्या. चीनच्या फूच्यान किनाऱ्यावरून निघालेले हॉक्कियन लोक बोटीतून उतरले की आधी इथे यायचे आणि सुखरूप पोचवल्याबद्दल समुद्रदेवी माझूला हात जोडायचे. आईने चप्पल काढायला जागा शोधली. तिथे काढावी लागत नाही, पण तिने काढलीच.

याच लोकांच्या बोलीत चहाला 'ते' म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी तो शब्द युरोपात नेला आणि त्याचा पुढे इंग्रजीतला 'टी' झाला. कँटोनीजमध्ये मात्र त्याच पानाला 'चा' म्हणतात, आणि आपला चहा त्या घराण्यातला. देवळाच्या अंगणात बसून मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपण दोन दिवस हॉक्कियन बोलतोय तर."

दुपारच्या जेवणात चहा खाल्ला. हो, खाल्ला. जवळच्या एका फूड सेंटरमध्ये हाक्का लोकांचा 'थंडर टी राइस' मिळतो. मूळ शब्द 'लेइ चा', म्हणजे कुटलेला चहा. 'लेइ'चा उच्चार चिनीतल्या गडगडाटाच्या शब्दासारखा, म्हणून इंग्रजीत तो थंडर झाला. एका वाडग्यात भात आणि त्यावर बारीक चिरलेल्या भाज्यांचे छोटे ढीग. चवळीच्या शेंगा, पालेभाज्या, खारवलेला मुळा, टोफू, भाजलेले शेंगदाणे. दुसऱ्या वाडग्यात हिरवागार रस्सा. चहाची पानं, तुळशीच्या जातीतला पाला, पुदिना, तीळ आणि शेंगदाणे एकत्र कुटून गरम पाण्यात कालवलेला. तो भातावर ओतायचा.

पहिला घास कडवट लागला. आईने चमचा हातात धरून ठेवला. दुसऱ्या घासाला तिळाचा खमंगपणा पुढे आला, तिसऱ्याला पुदिना. वाडगा संपेपर्यंत आईने एकही शब्द काढला नाही, मग म्हणाली, "यात कुणी काही तळलं नाही, काही लपवलं नाही." माझ्या दृष्टीने या प्रवासातलं ते सगळ्यात चांगलं जेवण. किंमत सहा-सात डॉलर. मागवताना 'नो इकान बिलिस' नक्की सांगा, कारण वरून बारीक सुकट पेरायची पद्धत आहे.

ऑफिसांच्या या भागातली फूड सेंटरं शनिवार-रविवारी ओस असतात. बाराच्या ठोक्याला मात्र पाय ठेवायला जागा नसते. साडेअकराला पोचावं.

तीन वाजता पुन्हा पाऊस. भिजतच नील रोडवरच्या टी चॅप्टरला शिरलो. हे चिनी पद्धतीचं चहागृह १९८९ पासून चालू आहे आणि त्याच वर्षी इंग्लंडची राणी एलिझाबेथ इथे चहाला आली होती. हे हॉकरच्या दरातलं ठिकाण नाही, एका बैठकीत आमचे पाच-सहा जेवणांचे पैसे गेले. तरी पुन्हा जाईन.

वरच्या मजल्यावर बूट काढून गाद्यांवर बसलो. पुढ्यात बुटकं टेबल, जाळीचा ट्रे, पेरूएवढी मातीची किटली आणि बाहुलीच्या भातुकलीतले शोभावेत असे कप. आम्ही ऊलाँग हा चिनी चहा निवडला. चहा देणाऱ्या मुलीने पहिली फेरी स्वतः करून दाखवली. आधी किटली आणि कप उकळत्या पाण्याने न्हाऊ घातले. मग पानं घातली, मिरीच्या दाण्यांसारखी गुंडाळलेली. पहिलं पाणी ओतलं आणि लगेच फेकून दिलं. ते पानं धुण्यापुरतं. दुसरं पाणी मिनिटभर ठेवून उंच अरुंद कपात ओतलं, त्यावर पसरट कप पालथा घातला आणि झटक्यात दोन्ही उलटले. चहा खालच्या कपात उतरला. रिकामा उंच कप तिने आईच्या हातात दिला. तो प्यायचा नाही, हुंगायचा.

आईने तो नाकाशी नेला आणि डोळे मिटले. बराच वेळ. मग माझ्याकडे देत म्हणाली, "बघ, रातराणी आहे का?" मला ओल्या गवताचा वास आला, मागून किंचित मधासारखा.

पुढच्या फेऱ्या आईने केल्या. त्याच पानांवर सहा वेळा पाणी ओतलं. दर वेळी जरा जास्त वेळ ठेवायचं, एवढंच त्या मुलीने सांगितलं होतं. तिसऱ्या फेरीचा चहा सगळ्यात चांगला होता, पाचव्याला फिका पडू लागला. शेवटी आईने किटलीचं झाकण उघडलं. दाण्यांची पूर्ण पानं झाली होती, देठासकट, कडा तपकिरी आणि मधला भाग हिरवा. किटलीत मावेनाशी झाली होती ती. तिने एक पान बोटावर सरळ पसरलं आणि खिडकीतल्या उजेडात धरून बघत बसली. पन्नास वर्षं रोज चहा करणाऱ्या माझ्या आईने चहाचं अख्खं पान पहिल्यांदा पाहिलं होतं. बाहेर पाऊस थांबला तरी आम्ही उठलो नाही.

चौथा दिवस: उदबत्त्या, आलं आणि धूर

वॉटरलू स्ट्रीटवर क्वान इम देऊळ आहे, करुणेच्या देवीचं. त्याला लागूनच श्रीकृष्णाचं देऊळ. चिनी भाविक देवीपुढून निघतात आणि जाता जाता कृष्णापुढेही उदबत्ती लावून हात जोडतात. कृष्णाच्या दारातल्या चिनी धूपपात्रात रोवलेल्या उदबत्त्यांच्या गर्दीत आईने स्वतःची एक रोवली. तिथून पाच मिनिटांवर मिडल रोडला फॉर्च्यून सेंटर ही जुनी इमारत आहे. तिच्यात शाकाहारी खानावळी एकमेकींना खेटून आहेत. आईने आल्यापासून पहिल्यांदा मेनूकार्ड पूर्ण वाचलं.

दुपारी काम्पोंग ग्लाम. सुलतान मशिदीच्या सोनेरी घुमटाखाली एक काळा पट्टा दिसतो. तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. मशीद बांधताना गरिबांनाही आपला वाटा देता यावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या होत्या. हे वाचल्यावर आम्ही दोघी बराच वेळ मान वर करून उभ्या होतो. उन्हात तो पट्टा खरंच चमकतो.

जवळच बगदाद स्ट्रीटवर भाई सरबत नावाचं छोटं दुकान आहे. इथे 'तेह हालिया' प्यायचा, म्हणजे आल्याचा. सरबत हा शब्द आपलाच, फक्त इथे तो आल्याच्या गरम पेयाला चिकटलाय. दुकानातला माणूस चहा एका हातातल्या मगातून दुसऱ्या हातातल्या मगात हातभर उंचावरून ओढत होता. 'तारिक' म्हणजे ओढणं, त्यावरूनच तेह तारिक. दक्षिण भारतातून आलेल्या मुसलमान चहावाल्यांनी ही पद्धत मलय मुलुखात रुजवली. ओढण्याने चहा पिण्याइतपत निवतो आणि वर जाड फेस धरतो. आईने सिउ दाइ सांगितलं होतंच. आलं भरपूर होतं, घशाला झणका देणारं. तिने दुसरा कप मागवला, जो ती कधीच मागवत नाही.

संध्याकाळी लाउ पा सात. ओतीव लोखंडाच्या खांबांचा अष्टकोनी जुना बाजार, १८९४ चा, भोवती काचेच्या उंच इमारती. सात वाजले की शेजारची बून टाट स्ट्रीट गाड्यांना बंद होते, रस्त्यावर टेबलं येतात आणि साते, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजायला कोळसे पेटवतात. मी दहा काड्या घेतल्या, शेंगदाण्याचा सॉस, काकडी, कांदा आणि दाबलेल्या भाताच्या वड्या. आईने बाजारातल्या एका गाळ्यावरून साधा डोसा आणला, आणि माझ्या सॉसमध्ये काय आहे ते विचारून न घेता तो चटणीशीच खाल्ला. धूर केसांत बसतो, याची तयारी ठेवा.

ट्रेबद्दल इथेच सांगते. खाऊन झालं की ट्रे आणि भांडी स्वतः नेऊन ठेवायची. २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये ही सक्ती आहे. हलाल आणि इतर भांड्यांचे कप्पे वेगळे असतात, पाटी बघून ठेवावं. जवळ दोन आणि पाच डॉलरच्या नोटा असाव्यात, लहान गाळ्यांवर परदेशी कार्ड बऱ्याचदा चालत नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली बरोबर ठेवली की पाण्यावर पैसे जात नाहीत. एसी रेस्टॉरंटच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर बिलात १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के कर वेगळे लागतात. हॉकरकडे लिहिलेली किंमत तीच खरी.

पाचवा दिवस: किटली आईच्या हाती

विमान संध्याकाळचं होतं. मला बक कुत तेह खायचं होतं. डुकराच्या बरगड्या मिरी-लसणात तासन् तास उकळून केलेला रस्सा, पूर्वी बंदरावरच्या हमालांची न्याहारी. नावात 'तेह' असला तरी रश्शात चहा नसतो, तो बरोबर प्यायचा असतो. आईला विचारायला मी जरा कचरत होते. ती म्हणाली, "तू खा गं. चहा मी करते."

आणि तिने तो केला. अशा दुकानांत टेबलाजवळ पाणी उकळत ठेवलेलं असतं, आणि चहाची कागदी पुडी, किटली, छोटे कप ट्रेमध्ये येतात. आईने कप धुतले, पुडी उघडली, पहिलं पाणी फेकलं, दुसरं थांबवलं. शेजारच्या टेबलावरचे एक काका वर्तमानपत्र खाली करून बघत होते. तिने माझा कप भरला आणि त्यांच्याकडे बघून किटली किंचित उचलली. त्यांनी आपला कप पुढे केला आणि चहा ओतून होईपर्यंत दोन बोटं टेबलावर हलकेच टकटकवली. आभार मानायची ही इथली रीत, हे मला माहीत होतं. आईला नव्हतं, पण तिला कळलं. रस्सा मिरीने झणझणीत, मांस हाडावरून आपोआप सुटणारं, आणि मध्ये मध्ये तो गडद चहा. तेलकटपणा घशात राहतच नाही.

पुडीवर नाव होतं पेक सिन चून. १९२५ पासूनचे चहाचे व्यापारी, दुकान मॉस्क स्ट्रीटवर, आमच्या हॉटेलपासून चालत जाण्याइतकं. तिथे एका किटलीपुरत्या मापाच्या पुड्या हाताने कागदात बांधतात. आईने घरच्यांसाठी भेट म्हणून दुसरं काही घेतलं नाही. पिशवीभर त्या पुड्या घेतल्या.

निघण्यापूर्वी तिने मॅक्सवेलच्या पहिल्या दिवशीच्याच गाळ्यावर जाऊन तेह-सी पेंग, सिउ दाइ मागितला, बांधून. बांधून म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत चहा, वर तांबड्या दोरीचा फास, बोटात अडकवायला. मेट्रोत खाणंपिणं बंद आहे आणि दंड ५०० डॉलरपर्यंत, म्हणून चांगी विमानतळापर्यंतच्या सगळ्या प्रवासात आईने तो फास बोटात धरून ठेवला होता. गाडी बदलतानाही माझ्याकडे दिला नाही. चांगीला गेटबाहेर आलो, पहिला बाक दिसला तिथे बॅगा टेकवल्या. तिने गाठ सैल केली, नळी घातली. बर्फ पार विरघळला होता. अर्धा पिऊन तिने पिशवी माझ्यापुढे धरली.